केळापूर फाट्यावरची मोजणी

मी लिहिणारा माणूस नाही. कॉलेजात निबंधाला काठावर पास होत आलो, आणि आमच्या घरात माझ्याआधी कुणी साधा अर्जसुद्धा स्वतःच्या हातानं लिहिलेला नाही. तेव्हा पुस्तकात छापायच्या चार पानांसाठी मी कागद पुढे ओढावा हे मला अजून आगाऊपणाचं वाटतं. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. दुसऱ्या कुणी हे लिहिलं असतं तर मी गप्प राहिलो असतो. पण ज्यांना हे सगळं माहीत आहे त्यांच्यात लिहिता येणारा मी एकटाच आहे, आणि ज्या कागदांवरून हे घडलं त्यांवर सहीही माझीच आहे.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव तेव्हा रोज पेपरात यायचं. बाहेरगावचे लोक गाड्या करून यायचे, फोटो काढायचे, जायचे. त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे, माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं आहे. मी फक्त ट्रकबद्दल लिहिणार आहे.

नागपूरहून हैदराबादला जाणारा महामार्ग पांढरकवड्याच्या बाजूनं जातो. केळापूर फाट्याच्या अलीकडे एक चढ आहे आणि चढ संपला की वळण. त्या वळणावर कडुनिंबाखाली माझ्या आईचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे टिनाचं छप्पर, दोन चुली, चार खाटा आणि समोर हापशी. वडील जिनिंगमध्ये हमाल होते. ते गेल्यावर आईनं ते सुरू केलं. गावात का नाही टाकलं असं मला कॉलेजातल्या एका मित्रानं विचारलं होतं. आम्ही बौद्ध. गावात कुणी तोंडावर वाईट बोलत नसे. फक्त चहा विचारला की "आत्ताच झाला" म्हणत. सकाळी म्हणत, दुपारी म्हणत, सगळ्या गावाचा चहा कायम आत्ताच झालेला असायचा. रस्त्यावर तसं नव्हतं. पंजाबचा ड्रायव्हर, तमिळनाडूचा ड्रायव्हर, त्यांना भूक लागलेली असायची. ते आईला माई म्हणत आणि पोळी जाड कर म्हणून ओरडत. माझी यवतमाळची खोली, फी, पुस्तकं, सगळं त्या वळणावरून येत होतं.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. अर्थशास्त्र घेतलं होतं. एक दिवस आमच्या सरांनी वर्गात सांगितलं की महामार्गावर ट्रक टर्मिनस उभं करायचा सरकारी विचार आहे, त्याच्या पाहणीसाठी चार-पाच मुलं हवी आहेत. रोजंदारीही मिळेल, अनुभवही मिळेल. मी हात वर केला. वर्षभरात वर्गात मी हात वर केला तो तेवढाच.

घरी सांगितलं तेव्हा आई कणीक मळत होती.

"काय कराचं असते त्यात?" तिनं विचारलं.

"गाड्या मोजाच्या."

"गाड्या मोजाले कॉलेज लागते? मी बारा वर्सं झाले मोजून राह्यली, मले तं कोनी बोलावलं नाही."

पण तिला आनंद झाला होता. त्या दिवशी जो ड्रायव्हर आला त्याला तिनं सांगितलं, "हमारा लडका सरकार का काम करता है."

पाहणी करणारे सल्लागार मोठ्या शहरातून आले होते. त्यातले मुख्य साहेब तरुण होते, आणि खरं सांगतो, वागायला चांगले होते. आम्हाला त्यांनी टोप्या दिल्या, पेन दिले, पहिल्या दिवशी आमच्याबरोबर बसून डबा खाल्ला. खडूनं फळ्यावर काढून टर्मिनस समजावलं. इथं गाड्या उभ्या करायची जागा, इथं डिझेल पंप, इथं वजनकाटा, इथं टायरवाला, इथं ड्रायव्हरांना झोपायला आणि आंघोळीला जागा, इथं खाणावळ. आत येणाऱ्या प्रत्येक गाडीनं भाडं द्यायचं. दुकानं लिलावानं द्यायची. मग त्यांनी आमच्या फॉर्मच्या सातव्या रकान्यावर बोट ठेवलं. मुक्कामी गाड्या.

"नुसत्या किती गाड्या जातात याला अर्थ नाही," ते म्हणाले. "जाणारी गाडी पैसे देत नाही, थांबणारी देते. या प्रकल्पाचं सगळं गणित या एका रकान्यावर उभं आहे. सकाळच्या पाळीत आणि संध्याकाळच्या पाळीत जी गाडी त्याच जागी दिसेल, ती मुक्कामी. समजलं?"

मला समजलं. मला ते इतकं चांगलं समजलं की मी वहीत उतरवून त्याखाली रेघ मारली. पुस्तकातलं अर्थशास्त्र पहिल्यांदा आमच्या रस्त्यावर आलं होतं. मला भरून आलं होतं, हे लिहायला आज लाज वाटते.

मोजणीसाठी माझ्या वाट्याला आमचंच वळण आलं. साहेबांनीच ते निवडलं होतं, कारण तिथं नेहमी गाड्या थांबलेल्या दिसत. आईच्या खाटेवर बसून मी सात दिवस मोजणी केली.

आता चूक सांगतो. ते दिवस पौषातले. वळणापासून पुढे एका जिनिंगच्या आवारात सरकारी कापूस खरेदी केंद्र होतं. आत कापूस ठेवायला जागा नाही म्हणून केंद्रानं खरेदी थांबवली होती. कापूस भरलेल्या गाड्यांची रांग आवाराच्या फाटकापासून रस्त्याच्या कडेनं मागे सरकत थेट आमच्या हापशीपर्यंत आली होती. ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर, बैलगाड्या. लोक गाड्यांखाली चादरी अंथरून बसलेले. गाडीचं भाडं रोज चढत होतं आणि परत जावं तर नंबर जात होता. सकाळी दिसलेला ट्रक संध्याकाळी तिथंच, दुसऱ्या सकाळीही तिथंच.

मी व्याख्या पुन्हा वाचली. सकाळी आणि संध्याकाळी त्याच जागी. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर 'इतर'मध्ये गेले, पण कापसाचे ट्रक आणि टेम्पो सातव्या रकान्यात बसत होते. तरी मन मानेना. फाट्यावरच्या बूथवरून मी साहेबांना फोन केला.

"सर, इथं कापसाच्या गाड्या आहेत. केंद्र बंद आहे म्हणून थांबल्या आहेत. त्या मोजायच्या का?"

"उभ्या आहेत ना?"

"हो सर, पण त्या..."

"दोन्ही पाळ्यांना त्याच जागी?"

"हो."

"मग व्याख्येत बसतात. तू व्याख्या बदलू नकोस. विश्लेषण आम्ही करू."

मी बरं म्हणालो. मला सुटल्यासारखं वाटलं. साहेबानं सांगितलं ते केलं की आपली जबाबदारी संपते, असं मला लहानपणापासून शिकवलं गेलं होतं. कुणी शब्दांत शिकवलं नव्हतं, पण शिकवलं होतं. मी रांग मोजली आणि प्रत्येक कागदाखाली सही केली. आई अंगठा लावायची, वडीलही अंगठाच लावायचे. माझी सही मी चांगली वळणदार बसवली होती.

शेवटचे दोन दिवस ड्रायव्हरांच्या मुलाखती होत्या. इथं टर्मिनस झालं तर थांबाल का? भाडं द्याल का? कोणत्या सोयी हव्यात? एक म्हातारा सरदार ड्रायव्हर होता, वर्षानुवर्षं आमच्याकडे जेवणारा. सोयींच्या प्रश्नावर तो म्हणाला, "माई की दाल में पानी कम. लिख."

"बाबाजी, ऐसा खाना नहीं है इसमें."

"तो फिर कैसा फारम है तेरा?"

आई चुलीपासून म्हणाली, "पानी कम करूंगी तो पैसा ज्यादा देगा क्या?" आणि सगळे हसले.

त्या दोन दिवसांत ज्याला विचारावं तो हो म्हणत होता. थांबणार? हो. भाडं देणार? हो. सगळ्या सोयी पाहिजेत? हो, हो. मला नवल वाटलं, पण फॉर्म सुरेख भरत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी हापशीवर हात धूत असताना आईचं बोलणं कानावर आलं. ताट वाढता वाढता ती एका ड्रायव्हरला सांगत होती, "मेरा लडका पूछेगा, तो सब में हां बोलना. उसका काम अच्छा दिखना चाहिए."

मी तिला जाऊन म्हणालो, "माय, असं नको सांगू वं. थे खरं सांगतीन तं बरं."

"तं मंग तुहा कागद कोरा राह्यन. साहेब म्हनन पोरानं काही केलंच नाही." तिनं भाकर उलटली. "हो म्हनाले त्याईच्या बापाचं काय जाते?"

मी ते फॉर्म रद्द करायला हवे होते. केले नाहीत. चहाबरोबर आईनं मागून घेतलेले ते होकार मी गठ्ठ्यात बांधून दिले.

चार-पाच महिन्यांनी यवतमाळला बैठक झाली. आम्हा मोजणीवाल्यांना मागच्या खुर्च्यांवर बसायला बोलावलं होतं. पडद्यावर नकाशा आला, त्यात आमचं वळण. मग खांबांचं चित्र आलं. सातव्या रकान्याचा खांब सगळ्यात उंच. साहेब म्हणाले, या ठिकाणी गाड्या मोठ्या संख्येनं मुक्काम करतात आणि जवळजवळ सगळे चालक भाडं द्यायला तयार आहेत, त्यामुळे प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य आहे. फक्त एक अट आहे. रस्त्याच्या कडेला फुकट थांबण्याची सोय राहिली तर गाड्या आत येणार नाहीत. म्हणून महामार्गालगतची अनधिकृत दुकानं आधी हटवावी लागतील.

पडद्यावर फोटो होता. आमचं टिनाचं छप्पर, कडुनिंब, चार खाटा. खाली लिहिलं होतं: अतिक्रमण.

आयुष्यात दुसऱ्यांदा मी हात वर केला. "सर, त्या गाड्या मुक्कामी नव्हत्या. कापसाच्या होत्या. केंद्र बंद होतं म्हणून उभ्या होत्या."

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. साहेब हसले, रागावले नाहीत. "आकडे तुम्हीच दिलेत ना? सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग?"

पुढच्या रांगेतल्या एका अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. दुसरे म्हणाले, "मुलांना बोलू द्या, चांगलं आहे, पण वेळ कमी आहे." आणि पुढचं चित्र आलं. मी उभाच होतो. खाली कधी बसलो ते आठवत नाही. माझी सही त्यांना हवी होती तेव्हा ती सरकारी होती, आणि माझं तोंड उघडलं तेव्हा मी मुलगा झालो. त्या माणसानं मला फोनवर 'विश्लेषण आम्ही करू' म्हटलं होतं. कापूस भरलेला ट्रक कापूस भरलेला दिसतो, त्याला विश्लेषण कसलं लागतं? रांगेतल्या एकाही गाडीवाल्याला त्यांनी विचारलं असतं की बाबा, इथं का थांबलास, तर उत्तर मिळालं असतं, आणि त्यात दोन शिव्याही मिळाल्या असत्या.

घरी येऊन मी आईला अर्धंच सांगितलं. हॉटेल हटवायचं म्हणतात एवढं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "पन तिथं गाड्या थांबतेत थ्या कायले थांबतेत, हे त्याईले मालूम हाय का?"

आणि तिनं मला सांगितलं. पाठ केल्यासारखं, एकामागून एक. चढ चढून आलेली सिमेंटची गाडी तापते, म्हणून थांबते, आणि थांबली की ड्रायव्हर जेवतो. संत्र्याची गाडी कधीच थांबत नाही, माल नासतो. बकऱ्यांची गाडी पाण्यासाठी थांबते, बकऱ्या पितात, ड्रायव्हर चहासुद्धा घेत नाही. लोखंडवाला सीमेवरच्या नाक्याआधी टायर पाहायला थांबतो. मालक ड्रायव्हरला जेवणाचा भत्ता देतो, उभं राहायचा देत नाही, मग उभं राहायचं भाडं तो स्वतःच्या खिशातून का देईल? "झाडाखाली उभी कराले कोनी पैसे देते का बापू? तुह्या पुस्तकात देतेत का?"

साहेबांनी फळ्यावर जे शिकवलं त्यापेक्षा हे पक्कं होतं. त्या उन्हाळ्यात कापूस संपल्यावर मी स्वतः पुन्हा मोजणी केली. तीच खाट, तसेच रकाने, आणि शेजारी आईचं एक वेगळं सदर: गाडी का थांबली. मुलाखती घेताना आईला मी सरपण आणायला पाठवत असे. ती रागावली, पण जात होती. या वेळी भाडं द्यायला कुणी तयार नव्हतं. सरदार ड्रायव्हर तर म्हणाला, "पहले हां बोला था, अब ना बोल रहा हूं. तेरी मां से पूछ ले, मेरी कोई गलती नहीं."

मी अर्ज लिहिला. आठ पानं झाली. कापसाच्या गाड्यांची चूक लिहिली, फोन केल्याचं लिहिलं, नवे आकडे जोडले, जुन्यांवरची माझी सही मागे घेतो असं लिहिलं. आईनं होकार मागितले होते ते मात्र लिहिलं नाही. लिहायला हवं होतं. हात झाला नाही.

बैठक झाली होती त्या यवतमाळच्या कचेरीत मी किती खेपा घातल्या ते सांगत बसत नाही. आवक शिक्का मिळाला. त्यापुढे काही नाही. टेबलावरचे बाबू पान खात अर्ज चाळायचे.

"हे तुम्ही मोजलेलं आहे?"

"हो."

"आणि आधीचं?"

"तेही मीच."

"मग आधी चुकीचं कायले मोजलं? आता बरोबर मोजलं कशावरून?" शेजारच्या टेबलाकडे वळून ते म्हणाले, "अहो, हे पहा, एकच माणूस फिर्यादी, तोच आरोपी."

दोघं हसले. मला राग आला, आणि त्याहून जास्त याचा राग आला की प्रश्न चुकीचा नव्हता. पण तो त्यांनी साहेबांना विचारला नाही. खुर्चीवर बसलेल्याची चूक पडद्यावर जाते. माझ्यासारख्याची चूक त्याच्या गळ्यात पडते.

हॉटेल हटवायची नोटीस आली तेव्हा माझी दुसऱ्या वर्षाची परीक्षा सुरू होती. आईनं मला कळू दिलं नाही. शेवटचा पेपर देऊन मी एस.टी.नं फाट्यावर उतरलो, तर वळणावर छप्पर नव्हतं. चुलींच्या जागी काळे डाग आणि चाकांच्या रुंद खुणा. हापशीचा दांडा वाकला होता. कडुनिंबाखाली एका खाटेवर आई भांडी घेऊन बसली होती.

"पेपर कसा गेला?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "माय, हे..."

"आधी पेपराचं सांग."

मी सांगितलं, बरा गेला. तिनं मान हलवली आणि एक पातेलं माझ्या हातात दिलं. आम्ही भांडी गावात नेली.

गावात बस थांब्याजवळ तिनं चहाची टपरी टाकून पाहिली. दोन महिने. "आत्ताच झाला" म्हणणारे तेच होते, वर आता "पोरानं मोजून मोजून मायचं हॉटेल पाडलं" अशी थट्टाही झाली. एकदा तर गावातल्या एका शिकलेल्या गृहस्थांनी मला उपदेश केला की विकासासाठी थोडं सोसावं लागतं. ते महामार्गावर आईकडे कधी जेवले नव्हते. मी त्यांना काही बोललो नाही. आज वाटतं बोलायला हवं होतं, आणि आवाज चढवून बोलायला हवं होतं. ज्या रस्त्यावर माझ्या आईच्या हातचं सगळा देश खात होता, त्या रस्त्यावरून तुम्ही तिला उठवलं आणि ज्या गावात तिच्या हातचं पाणी चालत नाही तिथं आणून बसवलं. याला सोसणं म्हणत नाहीत. टर्मिनसमधल्या खाणावळीचा लिलाव होणार होता. त्याची अनामत भरायची तिची ऐपत नव्हती, हे त्या आठ पानांत मी लिहिलं होतं.

टपरी बंद करून आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जाऊ लागली. बोटं फाटायची. मी कॉलेज सोडतो म्हणालो तर तिनं माझ्याशी चार दिवस बोलणं टाकलं. मग मीच हरलो, शिष्यवृत्ती आणि शिकवण्यांवर शेवटचं वर्ष काढलं. वळणावर मोठी जागा आखून चारी बाजूंनी काटेरी तारेचं कुंपण घातलं गेलं. आत काही बांधलं नाही. जाता-येता एस.टी.च्या खिडकीतून मी पाहत असे. बाभळी उगवल्या होत्या.

आई अधूनमधून विचारायची, "तुह्या कागदाचं काही आलं का?" मी म्हणायचो, येईल.

निकालानंतरच्या पावसाळ्यात मला यवतमाळच्या खोलीवर फोन आला. माझ्याबरोबर मोजणीला असलेला एक मित्र पुढे त्याच सल्लागारांकडे रोजंदारीवर लागला होता. घरमालकांच्या फोनवर, ते शेजारी उभे असताना, मी त्याचं बोलणं ऐकलं.

"अरे, तुह्या वळनावर पुन्हा मोजनी केली आमी मागच्या महिन्यात. बँकेनं मागतली होती, पैसे द्याच्या आधी."

"मग?"

"मंग काय. एक गाडी थांबत नाही बे तिथं आता. जेवाले नाही, पान्याले नाही, कायले थांबन कोनी? कापूसही नव्हता. आठ दिवस बसलो छत्री घेऊन."

"मग पुढे?"

"परवा पत्र निंगालं. टर्मिनस रद्द. जागा व्यवहार्य नाही म्हनते, गाड्या थांबत नाहीत म्हनून." मग हळू आवाजात म्हणाला, "तुह्या मायले पुन्हा तिथं छप्पर टाकू देतीन का, ते विचारलं म्या साहेबाले. नाही म्हने. कुंपन तसंच राह्यन. आता सरकारी जागा हाय थे."